सगळे सातचे

माझ्या धंद्यात एक वाक्य रोज बोललं जातं. बोलणारा अगदी खरं बोलत असतो आणि ऐकणाऱ्याच्या मस्तकात तिडीक गेलेली असते. ते वाक्य म्हणजे, “माझ्याकडं तर चालतंय!” मीही ते वर्षानुवर्षं बोलत आले. आता बोलत नाही. का बोलत नाही, तेच सांगायला बसलेय.

मी सांगलीत वेबसाइट आणि त्यावर चालणारे लहानसहान प्रोग्रॅम करून देते. दोन खोल्यांचं ऑफिस, खाली झेरॉक्सवाला, समोर भडंगवाला. पाव्हणेरावळे अजून विचारतात, “म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करतीस काय गं?” पूर्वी मी समजावून सांगायचे. हल्ली सरळ “हो” म्हणते, आणि कुणी बंद पडलेला प्रिंटर आणून दिलाच तर तोही उघडून बघते.

तुम्हाला मात्र नीट सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. आम्ही ज्या भाषेत लिहितो तिचं नाव जावास्क्रिप्ट. या भाषेतला प्रोग्रॅम माझ्या मशीनवर चालत नाही. म्हणजे मी स्वयंपाक करून डबा पाठवत नाही, मी नुसती कृती लिहून पाठवते. स्वयंपाक होतो गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या चुलीवर. ही चूल म्हणजे ब्राउझर, तुम्ही ज्यात वेबसाइट उघडता ते. चूल नवी असली तर पदार्थ झकास. जुनी असली तर कृती तीच, पीठ तेच, आणि भाकरी करपलेली. पण गिऱ्हाईक कधी चुलीला बोल लावत नाही. ते मला फोन करतं.

आणि आपल्याकडं चुली जुन्याच. शहाणी माणसं विचारतात, “मग नवा ब्राउझर टाकायला सांगा की!” अहो, सांगून भागलं असतं तर काय हवं होतं! त्या जुन्या मशीनला कुणाचं तरी हिशेबाचं पॅकेज बांधलेलं असतं, कुणाचा वजनकाटा जोडलेला असतो, कुणाचा असा प्रिंटर असतो की जो नव्या मशीनला ओळखच देत नाही. एक वीट काढायला जावं तर भिंत खाली येते. म्हणून माणसं मशीनला हार घालतात, दसऱ्याला पुजतात, आणि “तेवढं त्याला हात लावू नका” असं बजावतात.

कुपवाडला एमआयडीसीत नटबोल्ट करणारे एक मालक होते. त्यांच्या ऑर्डरचं पान मी करून दिलेलं. त्यांच्या ऑफिसात ते पान उघडायचं, पण बटण दाबलं की ढिम्म हलायचं नाही. मी स्कूटर काढून गेले. चूक शोधायला आमच्याकडं एक तपासायची खिडकी असते, ती ब्राउझरच्या पोटात उघडते. ती उघडली, बटण दाबलं, आणि ऑर्डर गेली की झटक्यात! मी परत आले. फोन वाजला, बटण बंद. पुन्हा गेले, खिडकी उघडली, चालू. तिसऱ्या फेरीला मालक म्हणाले, “म्याडम, तुमी आला की हे मास्तर आल्यावर पोरं बसत्यात तसं बसतंय बघा. तुमी इथंच मुक्काम करा.”

भानगड अशी होती, की मी प्रोग्रॅममध्ये स्वतःसाठी एक टिपणाची ओळ ठेवली होती. ती टिपणं त्या तपासायच्या खिडकीत उमटायची. नव्या ब्राउझरला खिडकी बंद असली तरी फरक पडत नाही. तो जुना पठ्ठ्या मात्र खिडकी उघडी असली तरच ती ओळ समजायचा, नाहीतर तिथंच बसकण मारायचा. म्हणजे मी बघत असले की नीट, पाठ फिरली की बंद. ती ओळ काढली आणि विषय मिटला. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. आजार बघायचा तर वैद्य नसताना तो कसा असतो ते बघावं लागतं.

हे कुपवाडचं झालं हसण्यावारी. महाबळेश्वरचं तसं नव्हतं, तिथं एका माणसाची अब्रू पणाला लागली होती.

महाबळेश्वरच्या वाटेवर टॅक्सीवाल्यांचा एक लहानसा थांबा आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच गाड्या लावतात. थांब्यावर नंबर लावून भाडं मिळतं. ज्याचा नंबर त्याचं गिऱ्हाईक, मग ते जवळच्या पॉइंटला जाणारं असो नाहीतर थेट पुण्याला. पुण्याचं भाडं लागलं तर दिवसाचं सोनं, पॉइंटचं लागलं तर चहापाणी. म्हणून नंबर म्हणजे सगळं काही. आणि हा नंबर लावायचे आप्पा.

आप्पा जावळीकडचे. फौजेत क्लार्क होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. कडक इस्त्रीचा शर्ट, बारीक मिशी, बोलण्यात मधूनच फौजेतलं हिंदी. केबिनीत बसून त्यांनी वर्षानुवर्षं काळ्या फळ्यावर खडूनं नंबर लिहिले, आणि त्या फळ्यावर कधी कुणी बोट ठेवलं नाही. पावसाळ्यात तिथं हवेत इतकं पाणी असतं की फळ्यावर खडू उमटत नाही. शेवटी संघटनेनं ठरवलं, कॉम्प्युटरवर करू. एका हॉटेलानं आपलं जुनं मशीन देऊन टाकलेलं होतं, सोबत एक खडखड वाजणारा प्रिंटर. तो प्रिंटर फक्त त्याच मशीनवर चालायचा आणि त्या मशीनवर नवा ब्राउझर चढत नव्हता. हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

आप्पांनी मला थांब्याचा नियम समजावून सांगितला. “सकाळी सातच्या आत जो येईल तो सातचा. पाचला येऊ दे न्हाईतर पावणेसातला, लिवायचं सात. त्यांच्यात पुढंमागं कोण, तर ज्या ओळीनं गाड्या लागल्यात त्या ओळीनं.”

“असं का? खरी वेळच लिहू की.”

“आवं म्याडम, खरी वेळ कुणाची? पूर्वी ह्याच्यावरनं मारामाऱ्या झाल्यात. ह्याच्या घड्याळात साडेसहा, त्याच्या घड्याळात सहा पंचवीस. मी म्हणलं, बास. घड्याळ माझं, टाइम सात, आणि गाड्यांची ओळ सगळ्यांना दिसतीया. खतम.”

मला हा नियम फार आवडला. मी त्याप्रमाणं करून दिलं. आप्पा सकाळी ओळीनं फिरून यायचे, नावं त्याच क्रमानं टाइप करायचे, प्रत्येकापुढं सात. एक बटण दाबलं की यादी वेळेप्रमाणं लागायची आणि प्रिंटरमधून बाहेर यायची. दिवसभरात जो भाडं करून परत येईल तो आपल्या खऱ्या वेळेनं खाली. आप्पांनी पहिली छापील यादी बघितली, खाली सही ठोकली आणि म्हणाले, “एकदम परेड!” पावसाळा होता, थांब्यावर मोजक्या गाड्या. सगळं सुरळीत.

दिवाळीनंतर सीझन लागला आणि संघटनेच्या अध्यक्षांचा फोन आला. “म्याडम, तुमच्या मशीनमधी आप्पा गडबड करू शकत्यात काय?”

मी म्हटलं, “आप्पा? कसली गडबड?”

झालं होतं असं. थांब्यावर विलास नावाचा एक ड्रायव्हर होता, आप्पांचा जावई. तो गावातून डेअरीला दूध घालून यायचा, त्यामुळं ओळीत नेहमी अधेमधे. पण छापील यादीत तो वरचेवर पहिला यायला लागला. आणि दुसरा एक होता संपत. गडी पहाटे उठून, थंडीत कुडकुडत येऊन, गाडी दुसऱ्या नंबरला लावायचा. यादीत बघावं तर संपत मधे कुठंतरी. पहिल्या दिवशी आप्पांनाच ते दिसलं. त्यांनी पेन घेतलं आणि कागदावर दुरुस्ती केली. संपतनं ते नेमकं बघितलं आणि ओरडला, “आप्पा, छापलेल्यावर पेन चालवायचं न्हाई! आज माझ्यासाठी चालवलं, उद्या जावयासाठी चालवाल.” सगळ्यांना पटलं. त्या दिवसापासून छापील यादी हीच शेवटची असं ठरलं, आणि तिथंच आप्पा अडकले. यादी चुकीची यायची आणि ती सुधारायची त्यांना बंदी.

“आप्पा म्हणत्यात मशीनच नंबर बदलतंय,” अध्यक्ष म्हणाले. “आता मशीनला काय जावई असतोय व्हय?”

मी ऑफिसात बसून नावं टाकून बघितली. सरळ. जुना ब्राउझर कुठून तरी पैदा केला, पाच-सहा नावं टाकली, सगळ्यांपुढं सात. सरळ. मग सांगलीहून पहाटेची गाडी धरून महाबळेश्वर गाठलं. पोचेपर्यंत दुपार. त्यांच्याच मशीनवर बघितलं, आप्पा शेजारी उभे. परत आलेल्या गाड्या आपापल्या वेळेनं एकाखाली एक. सरळ! अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. जिभेवर आलेलं वाक्य तेच होतं, की माझ्याकडं तर चालतंय. पण आप्पांसमोर ते बोलणं म्हणजे त्यांना चोर म्हणणं.

आप्पांनी माझी अडचण ओळखली. म्हणाले, “म्याडम, तुमी कशाला तोंड पाडताय? फौजेत हिशेबाला होतो मी. एक बूट इकडचा तिकडं झाला न्हाई. आता ह्या वयात नंबर चोरीन?” आणि पाठ करून प्रिंटरवरची धूळ पुसायला लागले. पुसायला तिथं धूळ नव्हती.

खरं सांगते, परतीच्या गाडीत माझ्याही मनात पाल चुकचुकली. जावई आहे, कोण सांगावं? मग माझाच मला राग आला.

तिकडं विलासनं आपलं आपण ठरवलं. सासऱ्याच्या नावाला बट्टा नको म्हणून गाडी काढली आणि बायकोला घेऊन फलटणला गेला, एका साखर कारखान्याच्या साहेबांची जीप चालवायला. निघताना बायको, म्हणजे आप्पांची एकुलती एक पोर, चिडून बापाला म्हणाली, “त्यांनी काय केलंवतं? आणि तुमी काय केलंवतं? मग तोंड लपवून जायचं का?” त्या वर्षी संक्रांतीला लेक-जावई आले नाहीत.

आणि गंमत ऐका. विलास गेला तरी यादी सुधारली नाही. आता मधला दुसराच कुणीतरी उडी मारून पहिला यायला लागला. कुणालाही वाटेल, आता तरी माणसं म्हणतील की आप्पा निर्दोष आहेत. छे! थांब्यावर म्हणायला लागले, “आप्पानं नवा जावई केला.” रोज वेगळा पहिला यायचा तेव्हा, “आप्पाला जावई तरी किती गड्या?” हसायचे सगळे. संपत एकदा आप्पांच्या खांद्यामागं उभा राहून टाइप करताना बघत बसला. त्या दिवशी धुकं होतं, गाड्या कमी होत्या, यादी सरळ आली. संपत बाहेर येऊन म्हणाला, “बघितलं की नीट करतंय म्हातारं.”

हे वाक्य अध्यक्षांनी मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं आणि मी खुर्चीतून उठले. बघितलं की नीट! अगदी हेच कुपवाडच्या मालकांनी म्हटलेलं.

अध्यक्षांचं बोलणं मात्र पुढंच चाललं होतं. शनिवारी सकाळी सगळ्यांची बैठक आहे, आप्पांना कामावरून मोकळं करायचं ठरतंय, त्याआधी तुम्ही लिहून द्या की मशीनमध्ये काही दोष नाही. मी म्हटलं, “लिहून देत नाही. मी येते. आणि दुपारी नाही, सकाळी येते.”

आदल्या दिवशीच जाऊन राहिले. सकाळी शाल गुंडाळून थांब्यावर हजर. गाड्यांच्या टपांवर दव, ड्रायव्हर मफलर बांधून शेकोटीभोवती, आणि माझ्याकडं सगळ्यांच्या नजरा. संपत मोठ्यानं म्हणाला, “आल्या मशीनच्या डॉक्टरीन.” आप्पा इस्त्रीच्या शर्टात ओळीनं फिरले. मी त्यांच्या मागून फिरले, नावं पाठ करत. पहिली गाडी तात्यांची, त्यांना म्हातारपणी झोप लागत नाही म्हणून ते कायम पहिले. दुसरा संपत. मग बाकीचे.

केबिनीत आप्पांनी नावं टाइप केली. मी बघत होते. एका बोटानं, पण अक्षर न् अक्षर बरोबर, क्रम बरोबर, सगळ्यांपुढं सात. मग बटण दाबलं. प्रिंटर खडखडला, कागद बाहेर आला.

पहिला नंबर, ओळीच्या बरोबर मधे गाडी लावलेल्याचा. दुसरे तात्या. आणि संपत, मधे.

चूक सापडल्यावर बाकीच्यांना कसं वाटतं माहीत नाही, मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. मी ओरडले, “आप्पा, दिसली! दिसली मला!”

“काय दिसलं?”

“तुमचं खरं आहे ते दिसलं!”

आप्पा मटकन स्टुलावर बसले.

आता ही चूक का होते ते शोधायचं होतं. आमची एक साधी रीत आहे. चूक दिसली की एकेक गोष्ट काढत जायची, आणि कुठली काढल्यावर चूक जाते ते बघायचं. मी अध्यक्षांना म्हटलं, सगळ्यांना केबिनीपाशी बोलवा, सगळ्यांसमोर करते. दारात, खिडकीत, जिथं मिळेल तिथं डोकी आली. आप्पांना मी लांब उभं केलं आणि म्हटलं, हात मागं. ते फौजेतल्यासारखे हात मागं बांधून उभे राहिले.

मी शेवटचं नाव काढलं आणि बटण दाबलं. चूक तशीच, फक्त आता मधला दुसरा कुणी वर आला. ज्याचं नाव काढलं तो खिडकीतून ओरडला, “आवं म्याडम, माझं का काढलं? मी हाय की हितं!”

“तुमचा नंबर जात नाही हो, नुसतं बघायला काढलंय.”

“मग संपतचं काढा की, त्याचीच कटकट हाय.”

“माझं काढायचं न्हाई!” संपत म्हणाला. “आधीच माझं मधी गेलंय.”

असं एकेकाचं नाव काढत, एकेकाची समजूत घालत खाली आले. चूक तशीच. चूक तशीच. पुढचं नाव काढलं, बटण दाबलं, आणि तात्या पहिले, संपत दुसरा, सगळे ओळीत. मी मोजलं, दहा नावं उरली होती. अकरावं परत घातलं. मधला उडी मारून पहिला. काढलं, सरळ. घातलं, उडी.

मग तात्या म्हणाले, “आयला, ह्याला दहाच्या वर मोजता येत न्हाई व्हय?”

अगदी तसं नव्हतं, पण फार लांबही नव्हतं. त्या जुन्या ब्राउझरची रीत अशी होती. यादी दहापर्यंतची असली तर तो सावकाश, एकेक नाव तपासून लावायचा. दहाच्या वर गेली की वेळ वाचवायला वेगळी युक्ती करायचा आणि सुरुवातीलाच मधलं नाव उचलून तुलनेला घ्यायचा. वेळा वेगवेगळ्या असल्या तर शेवटी सगळं जागेवर यायचं. पण सगळ्यांची वेळ एकच असली, की मधला पहिला, पहिला दुसरा, आणि दुसरा मधे. सारख्या वेळेच्या माणसांचा क्रम राखायचा हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. भाषेच्या नियमातही तेव्हा तसं बंधन नव्हतं, ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं. नवे ब्राउझर क्रम राखतात, म्हणून माझ्याकडं चालत होतं. दुपारी वेळा वेगळ्या, म्हणून चालत होतं. पावसात आणि धुक्यात गाड्या कमी, म्हणून चालत होतं. सगळे सातचे आणि दहाच्या वर गाड्या हे फक्त याच थांब्यावर, फक्त सीझनच्या सकाळी जमून यायचं. आप्पांनी भांडणं मिटवायला केलेला नियमच त्यांच्या गळ्याशी आला होता.

मी हे सगळं त्यांना सांगितलं, बरंचसं हातवारे करून. अध्यक्षांनी विचारलं, “म्हणजे आप्पांनी ठरवून केलं असतं तर?”

“ठरवून केलं असतं तर विलास गेल्यावर थांबलं असतं,” मी म्हटलं, आणि मला इतका वेळ दाबून धरलेला राग आवरला नाही. “जावई पहिला आला ते तुम्ही लक्षात ठेवलं. जावयाच्या पुढचा-मागचा कितीदा पहिला आला, ते कुणी ठेवलं का? या माणसानं तुमच्या मारामाऱ्या थांबवल्या, आणि तुम्ही त्याची पोरीशी ताटातूट केली!”

संपत दारात होता, तो पुढं आला. डोक्यावरची माकडटोपी काढली आणि आप्पांच्या पायाशी वाकला. “आप्पा, चुकलं. लय चुकलं माझं.”

आप्पांचे हात अजून मागंच बांधलेले. त्यांनी ते सोडवले, संपतच्या खांद्याला धरून त्याला उठवलं आणि म्हणाले, “तुझं काय चुकलं रं? थंडीत उठून यायचास आणि नंबर मधी जायचा. मी असतो तर मी बी बोंबललो असतो.” मला तर रडूच कोसळलं. तात्यांनी मला कुणाचा तरी मफलर दिला, डोळे पुसायला. त्याला डिझेलचा वास होता.

दुरुस्ती दोन ओळींची. वेळ सारखी असेल तर आधी टाइप केलेला आधी, हे आता ब्राउझरच्या मर्जीवर न सोडता मी लिहूनच टाकलं. सगळी नावं परत घातली आणि आप्पांना म्हटलं, या, तुम्हीच दाबा. प्रिंटर खडखडला. तात्या, संपत, आणि पुढं सगळी ओळ, बाहेर गाड्या उभ्या होत्या तशीच. आप्पांनी कागद खिडकीशी धरला, एक नजर कागदावर, एक नजर गाड्यांवर, असं शेवटपर्यंत जुळवून बघितलं. मग खिशातलं पेन काढलं. पेन बघून सगळ्यांच्या नजरा वळल्या. त्यांनी खाली सही केली, जी त्यांनी दोन महिने बंद केली होती, आणि यादी भिंतीला लावली. बैठकीचं कुणी नावच काढलं नाही.

मग केबिनीमागं जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला. फौजेतल्या माणसाला हळू बोलता येत नाही, त्यामुळं आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. “पोरी, पाव्हण्यास्नी सांग. मशीनच होतं. मी न्हवतो आणि तेबी न्हवते.” पलीकडून काय आलं ते कळलं नाही. आप्पा बराच वेळ नुसतं “व्हय, व्हय” म्हणत होते.

विलासनं कारखान्याच्या साहेबांना दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत थांबायचा शब्द दिला होता, म्हणून यायला थोडे दिवस लागले. तो परत आला तेव्हा मी योगायोगानं तिथंच होते, सकाळची यादी नीट येते का ते बघायला गेलेले. त्या दिवशी त्यानं दूध भावाबरोबर पाठवलं आणि तात्यांच्याही आधी येऊन गाडी पहिल्या जागेला लावली. नुकती धुतलेली, काचेला हार. आप्पा ओळीनं फिरत आले. जावयाच्या गाडीपाशी थांबले. सगळे बघत होते.

“पाव्हणं, किती दिवस न्हवता थांब्यावर?”

“बरेच दिवस झालं, आप्पा.”

“सुट्टीवरनं आलेला गडी पहिल्या दिवशी शेवटी. रूल हाय. गाडी मागं घ्या.”

संपतला राहवलं नाही. “आवं आप्पा, लय दिसांनी आल्यात पाव्हणं. निदान मधी तरी लावा!”

“मधी?” आप्पांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. “मधल्याचं काय होतंय ते बघितलं न्हाईस व्हय?”

सगळा थांबा असा हसला की चहावाल्याच्या टपरीवरची गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली. विलासही हसत गाडी मागं घेऊन गेला, अगदी शेवटच्या जागेला. आप्पांनी त्याचं नाव शेवटी टाइप केलं, पुढं सात. यादी छापून आली. शेवटी विलास. तो येऊन यादी बघून गेला आणि त्यानं सासऱ्यासाठी चहा सांगितला. त्याचा नंबर लागायला दुपार होणार होती, पण त्या दिवशी त्याला कुठं जायची घाई दिसली नाही.

ते मशीन अजून तिथंच आहे, प्रिंटरही. मी कितीदा म्हटलं, आता तरी नवं घ्या. आप्पा म्हणतात, “कशाला? त्याचं काय दुखतंय ते आता आपल्याला म्हाईत झालंय.” यावर मी काय बोलणार? जुन्या ब्राउझरना मी अजून शिव्या घालते, रोज घालते, पोट त्यांच्यावरच चालतं. पण “माझ्याकडं तर चालतंय” हे तोंडातून काढत नाही. समोरचा म्हणाला की मशीन चुकतंय, तर मी आधी त्याच्या मशीनसमोर, त्याच्या वेळेला जाऊन बसते.

दर वर्षी दिवाळीनंतर सीझनच्या पहिल्या सकाळी माझा फोन वाजतो. सांगलीत मी अजून चहाही घेतलेला नसतो. पलीकडून प्रिंटरची खडखड ऐकू येते, कागद फाडल्याचा आवाज येतो, मग थोडी शांतता, म्हणजे आप्पा खिडकीतून गाड्या जुळवून बघत असतात. आणि मग ते मोठ्यानं रिपोर्ट देतात, “म्याडम, सगळे सातचे. आणि सगळे जागच्या जागी.”